तीन सतराची गाठ

लेकराची पहिली आठवण कोणती असावी हे ठरवायला अंबिका आणि मन्मथ बिराजदार उदगीरहून हैदराबादला निघाले, तेव्हा लेकराला विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. विचारून उपयोगही नव्हता म्हणा. गौरजा अकरा महिन्यांची होती, आणि तिचं सगळं लक्ष डाव्या पायातला मोजा तोंडात कसा घालावा याकडे होतं.

सहल दोन दिवसांची, पण सामान बघाल तर बिऱ्हाड हललं असं वाटावं. दुपटी, लंगोट, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, घुंगरांचा वाळा, सासूबाईंनी बळेच दिलेली वेखंडाची पुडी. मन्मथ हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. त्याने एका कागदावर दोन दिवसांचं वेळापत्रक काढलं होतं, तेही रंगीत. बारा वाजता संग्रहालयातलं जुनं घड्याळ, दीडला तळ्यातली बोट, तीनला बाग. घड्याळ त्याने लाल पेन्सिलीने कोरलं होतं. त्या घड्याळातून दर तासाला एक बाहुला बाहेर येतो आणि टोल देतो. बाराला सलग बारा टोल. लेकराला याहून मोठं नवल काय दाखवणार?

आता ही पहिल्या आठवणीची गाठ म्हणजे काय ते एकदा नीट सांगून टाकू, कारण उदगीरच्या बाजारात तिच्याबद्दल वाट्टेल ते बोललं जातं.

तुम्हाला तुमचा पहिला वाढदिवस आठवत नाही. कुणालाच आठवत नाही. तान्ह्या मेंदूला आठवण साठवताच येत नाही, असं फार दिवस लोक धरून चालले होते. पण ते खरं नाही. तान्हं मूल साठवतं, आणि झकास साठवतं. मात्र मेंदूच्या ज्या भागात आठवणींच्या वाटा पडतात, तिथे त्या वयात नव्या पेशींचं पीक इतकं जोरात येतं की कालच्या पायवाटा आज दिसेनाशा होतात. आठवण जागच्या जागी असते, तिच्यापर्यंत जायची वाट तेवढी बुजते. हे कळलं आणि मग वाट राखायची युक्तीही सापडली. लेकराच्या जिभेवर एक थेंब घालायचा. त्यातलं प्रथिन सहा तास मेंदूत जागं राहतं. कानामागे बोटभर रुंदीची पट्टी लावायची, ती मेंदूतल्या विजेच्या लहरी ऐकत बसते. एखाद्या क्षणी लेकरू जीव ओतून काही बघतं किंवा ऐकतं आणि त्या लहरी उसळतात. नेमकी तेव्हा पट्टी ध्वनिलहरीचा एक ठोका देते. ठोका आपल्याला ऐकू येत नाही, पण त्या क्षणाच्या वाटेवरच्या पेशींवर खूण बसते आणि पुढे येणाऱ्या नव्या पेशी तेवढी वाट सोडून वाढतात. झाली गाठ. माणूस म्हातारा होईपर्यंत ती सुटत नाही.

पण हे एकदाच करता येतं. दुसऱ्यांदा केलं तर मेंदूची वाढच अडते, म्हणून कायद्याने बंदी आहे. वय नऊ ते चौदा महिने, त्याच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही. आणि खरी गोम अशी की क्षण कोणता, हे आईबापांच्या हातात नसतं. त्यांनी ताट वाढायचं. घास कोणता उचलायचा ते लेकरू ठरवतं. अहवालात फक्त गाठ बसल्याची वेळ येते, त्या वेळी समोर काय होतं ते आईबापांनी आठवून जुळवायचं.

ताट वाढायचा धंदा मात्र जोरात चालला होता. गाठ फक्त मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर मिळे, त्यामुळे हैदराबादच्या हॉटेलांना सुगीच आली होती. दारात साबणाचे फुगे उडवणारी यंत्रं, जेवणघरात हत्तीचा वेष घेतलेला माणूस, छतावर चांदण्या. एवढं करूनही कुणाची गाठ कशावर बसेल याचा नेम नसे. उदगीरच्या एका सराफाने नातवाला मोर दाखवायला आणलं आणि गाठ बसली हॉटेलच्या मिक्सरवर. पोरगं आता चार वर्षांचं आहे. घरात चटणी वाटायला घेतली की सगळं सोडून येतं आणि मिक्सरपुढे मांडी घालून बसतं.

लोक असल्या गोष्टी सांगून हसायचे. अंबिकाला हसू येत नव्हतं.

ती बॅटऱ्या आणि जनरेटर दुरुस्त करणारी मेकॅनिक होती, आयटीआयमधून पहिल्या नंबराने बाहेर पडलेली. दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन तळावर वीज सांभाळायला तिची निवड झाली होती, तीही दोनदा. पहिल्या वेळी पोटात गौरजा होती म्हणून तिने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा पत्र आलं तेव्हा हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती. चौदा महिने. मध्ये परतायची सोय नाही. फोनवर रोज दिसता येईल, पण फोनला मांडी नसते, अंगाला वास नसतो. परत येईन तेव्हा लेकरू दोन वर्षं ओलांडलेलं असेल आणि माझ्या कडेवरचे हे अकरा महिने त्याच्यापुरते कधी झालेच नसतील, हा विचार तिचं काळीज कुरतडायचा.

म्हणून तिने मनाशी ठरवलं होतं, आणि मन्मथला सांगितलं नव्हतं. गाठीत मी असले तर जाईन. नसले तर पत्र परत करीन.

केंद्रावरच्या डॉक्टर वैजयंती उमरीकर चार पिढ्यांपासून हैदराबादच्या. त्यांच्या मराठीत निजामशाही ऐट होती. दहाच्या ठोक्याला त्यांनी गौरजाच्या जिभेवर थेंब घातला, डाव्या कानामागे पट्टी बसवली आणि बजावलं, "चारपर्यंत पट्टी हलवायची नाही. खाऊ द्या, खेळू द्या, झोपली तर झोपू द्या. तुम्ही आरामात फिरा हो, परीक्षा तिची आहे, तुमची नाही."

बाहेर पडतात तोच फुटपाथवर एका बुरखेवाल्या आजीने गौरजाचा गाल धरला. "हाय, कित्ती प्यारी बच्ची है!" पाठोपाठ आणखी दोघी थांबल्या. अंबिका हसली, पण पोरीला छातीशी ओढून घेतलं. परकं गाव, एवढ्या नजरा, आणि पोरीला आज तीटच नाही! केंद्राने दिलेल्या पत्रकात पट्टी हलवू नका असं होतं. तिने हलवली नाही. फक्त वरची कड नखाने किंचित उचलली, पिशवीतल्या डबीतलं घरचं काजळ बोटावर घेतलं आणि कुणाला दिसू नये असं, कानामागे, पट्टीच्या बरोब्बर खाली तीट लावली. कड पुन्हा दाबून बसवली. मन्मथ रिक्षा बघत होता, त्याच्या लक्षातही आलं नाही.

संग्रहालयात घड्याळासमोर तीन-चारशे माणसं दाटीवाटीने बसली होती. बाराला तीन मिनिटं कमी असताना बाहुला बाहेर आला. सगळा चौक चिडीचूप झाला. मन्मथने गौरजाला खांद्यावर उंच धरलं, आणि पहिला टोल पडला.

"झोपायली," अंबिका म्हणाली.

"काय?"

"अहो, झोपायली ती! बघा की!"

बारा टोल पडले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. गौरजाच्या लाळेने मन्मथचा सदरा खांद्यावर भिजला, यापलीकडे तिच्याकडून घड्याळाला काही दाद मिळाली नाही. मन्मथ म्हणाला, "टोलाला बी जागी होईना. आजीवर गेलीय."

बोटीतही तेच. तळ्याच्या मधोमध उभी असलेली प्रचंड दगडी मूर्ती, पाण्यावरचं ऊन, वरून गेलेला बगळ्यांचा थवा हे सगळं सोडून गौरजाने मोजा काढला, चाखला आणि तळ्यात टाकला. अंबिका वाकून तिच्या तोंडासमोर तोंड धरत होती, टाळ्या वाजवत होती, वाळा हलवत होती. "गौरू, इकडं बघ. आईकडं बघ. हे बघ आई." शेजारच्या बाकावरचं जोडपंही आपल्या बाळासमोर असंच नाचत होतं. दोघी आयांची नजरानजर झाली आणि दोघींनी मान फिरवली.

तीन वाजता बागेत पोचले तोवर गौरजा किरकिरायला लागली होती. बाग जुनी, मोठी. फाटकापासून बाकापर्यंत सरळ लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना अशोकाची झाडं. एकच तास उरला होता. अंबिकाने पुन्हा वाळा काढला. पोरगी आणखीच रडायला लागली.

"राहू दे आता," मन्मथ म्हणाला. "दमली ती."

"एक तास हाय अजून."

"अंबिका, सकाळपासून बघायलोय मी. तू तिला खेळवत नाहीस, तू तिच्यापुढं हजेरी लावायलीस. ही गाठ कुणासाठी गं? तिच्यासाठी का तुझ्यासाठी?"

"मी जाऊ नको म्हणायचंय ना तुम्हाला? मग सरळ म्हणा!"

"मी तसं कधी म्हणलो का?"

नव्हता म्हणाला. तेच तर जिव्हारी लागलं. भांडायला समोर कुणी नव्हतंच, होतं ते तिच्याच पोटात. ती ताडकन उठली, रडत्या पोरीला तशीच त्याच्या मांडीवर सोडली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली. मागे गौरजाचा आवाज चढत गेला. तिने वळून पाहिलं नाही. फाटकाबाहेर जाऊन ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग परत आली, पोरीला उचलून पोटाशी धरलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून बसून राहिली. चार वाजता मन्मथने हळूच पट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर उमरीकरांनी अहवाल पडद्यावर उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"गाठ बसली आहे. छान, घट्ट बसली आहे. वेळ तीन वाजून सतरा मिनिटं. पण त्याआधीचे पाच तास मला काहीच दिसत नाही. यंत्राला वाटलं, बाळ झोपलंय. एवढी झोपली होती का ही?"

"घड्याळापुरती झोपली," मन्मथ म्हणाला. "बाकी टक्क जागी होती."

डॉक्टरांनी काढून आणलेली पट्टी दिव्याखाली धरली. आतल्या बाजूला काळपट, तुपकट डाग होता. "हे काय आहे?"

अंबिकाने तो डाग ओळखला. काजळ तुपातलं, सासूबाईंनी घरी धरलेलं. तुपाचा थर मध्ये आला की विजेचा संपर्क तुटतो. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी ती हेच सांगायची, टोकं पुसा, टोकांवर तेल-तूप नको. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मी लावली," ती म्हणाली. "तीट. पट्टीखाली."

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. मग हसल्या, पण कुत्सितपणे नाही. "आमच्या पत्रकात तेल आहे, पावडर आहे. तीट लिहायची राहिली बघा. आता छापते."

"मग सतराला कशी काय बसली?" मन्मथने विचारलं, आणि उत्तर त्यालाच सापडलं. "मी पुसलो. रडून रडून घामाघूम झाली होती, म्हणून ओल्या रुमालानं मान पुसलो, कानामागं पुसलो. पट्टीची कड सुटली होती, तिच्याखालून बी पुसलो आन् दाबून बसवलो. तू गेली होतीस तवा."

तू गेली होतीस तवा. म्हणजे पोरीच्या जन्मभराच्या पहिल्या आठवणीत आई नाही. किंवा त्याहून वाईट, पाठमोरी आई आहे, निघून जाणारी.

"काय बघितलं तिनं त्या वेळी?" तिने विचारलं.

"ते यंत्राला कळत नाही. माणसाला कळायचा तर प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण डोळे हलवणाऱ्या स्नायूंचे झटके पट्टीत उमटतात, त्यावरून एवढं सांगते. जवळचं बघताना आपली बुबुळं आत वळतात, लांबचं बघताना सरळ राहतात. ही रेघ बघा. सुरुवातीला नजर लांब, फार लांब. मग हळूहळू आत. साधारण तीन मिनिटं तिने एका गोष्टीवरची नजर काढलेली नाही. अकरा महिन्यांचं लेकरू तीन मिनिटं! माझ्या नोकरीत असं मी चार-पाच वेळा पाहिलं असेल. काहीतरी लांबून तिच्याकडे चालत आलं."

"काहीतरी की कुणीतरी?"

"ते मला सांगता येणार नाही."

अंबिकाने मन्मथकडे पाहिलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने मान हलवली. "माझ्या खांद्यावर होती ती, तोंड फाटकाकडं. माझी पाठ होती. तू आलीस खरी, पण तवा किती वाजले ते मी बघितलो नाही. त्याच्या आधी एक फुगेवाला बी तिकडूनच आला होता."

डॉक्टरांनी गौरजाला टेबलावर बसवलं होतं. ती पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघून हात आपटत होती. अंबिका तिच्या डोक्याकडे बघत राहिली. नारळाएवढं डोकं, त्यावर विरळ जावळ, टाळू अजून पुरती भरलेली नाही. आणि त्याच्या आत कालच्या दुपारची तीन मिनिटं आता कायमची होती. अंबिका स्वतः म्हातारी होईल, मरेल, तरी ती तीन मिनिटं या डोक्यात चालत राहतील. आणि ती बघायला जगातल्या कुठल्याही यंत्राला, प्रत्यक्ष जन्म देणाऱ्या आईलाही आत जाता येणार नाही. आपल्या पोटातून आलं म्हणून आपण ज्याला आपलं म्हणतो, त्याच्या आत एवढं मोठं आपलं नसलेलं काही असतं, हे तिला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. काल दिवसभर ती या इवल्या माणसापुढे टाळ्या वाजवत होती. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठं नवल वाटलं.

परतीच्या गाडीत बीदर मागे पडल्यावर तिने मन्मथला आपला मनातला पण सांगितला.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता काय. हो बी कळंना, नाही बी कळंना."

"काल मी जे बोललो ना, गाठ कुणासाठी म्हणून," मन्मथ म्हणाला, "ती तुझ्यासाठी असली तर असू दे की. एवढ्या बर्फात जायलीस, तुला बी काहीतरी लागतं सोबत न्यायला. तू जा. गाठीत फुगेवाला निघाला तर निघाला. मी हाय, आई हाय. तू तिला रोज फोनवर दिसशील असं आम्ही बघू."

अंबिका गेली.

तळावर वाराच इतका होता की माणसाचं बोलणं तोंडातून निघताच पळवून न्यायचा. दोन महिने सूर्य उगवला नाही. जनरेटर मात्र तिने एक दिवस बंद पडू दिला नाही, आणि त्या कामात तिला जो आनंद व्हायचा तो ती कुणापासून लपवायची नाही. रोज फोनवर गौरजा दिसायची. आधी ती पडद्याला चाटायची. मग चालायला लागली आणि पडद्यातून पळून जायला लागली. मग बोलायला लागली. एकदा सासूबाईंनी विचारलं, आई कुठं हाय? गौरजाने फोनकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "फोनमंदी." सगळे हसले. अंबिकाही हसली आणि नंतर बॅटऱ्यांच्या खोलीत जाऊन बसली. या पोरीसाठी आई म्हणजे हाताएवढी काच झाली होती.

उदगीर स्टेशनावर ती उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डबा अगदी शेवटचा, आणि मन्मथ उभा होता पार पहिल्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ, पोरीला कडेवर घेऊन. अंबिकाने पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. धावावंसं वाटत होतं, पण पाय धावेनात. अनोळखी बाई अंगावर धावून आली तर लेकरू घाबरेल, हीही भीती होतीच.

मन्मथ हात हलवत होता. गौरजा हलवत नव्हती. ती बापाच्या खांद्याला धरून, मान जराशी पुढे काढून, अंबिकाकडे बघत होती. रडत नव्हती, लाजून तोंड लपवत नव्हती, हसतही नव्हती. नुसती बघत होती. अंबिका चहाच्या टपरीपाशी आली, मग वजनाच्या यंत्रापाशी, मग नळापाशी, तरी पोरीची नजर तिच्यावरून हलली नाही. हमाल मध्ये आले, तेव्हा तिने मान वाकडी करून त्यांच्याआडून पाहिलं. तिला घाई नव्हती. पुढे काय होणार ते ठाऊक असलेल्या माणसासारखी ती शांत होती.

अंबिका दोन हातांवर येऊन थांबली. गौरजाने दोन्ही हात पसरले आणि सरळ तिच्या अंगावर आली. अंबिकाने तिला पोटाशी धरलं. वजन केवढं झालं होतं!

गौरजा मात्र तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. आधी या बाजूने, मग त्या बाजूने. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी कमी होतं.

"आई," ती म्हणाली, "भूभू कुठंय?"

"कुठलं भूभू, राणी?" अंबिकाने विचारलं. "आपल्याकडं कुठं भूभू हाय?"

"तुझं भूभू," गौरजा म्हणाली. "मागं मागं येतंय ते. पांढलं."

अंबिकाने मन्मथकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं होतं.

"अगं," तो सावकाश म्हणाला, "होतं की! हैदराबादला, बागेत. तू परत आलीस तवा तुझ्या मागं मागं एक पांढरं कुत्रं आलं होतं. मी वळलो आन् हाड हाड करून हाकललो. तू तिच्या मानेत तोंड घालून रडायलीस, तुला कुठलं दिसायला? मी तर साफ विसरलो होतो. कुणाला सांगितलोच नाही कधी."

फाटकापासून बाकापर्यंतच्या त्या सबंध रस्त्यावर अंबिकाने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आता, चौदा महिन्यांनी, उदगीरच्या प्लॅटफॉर्मवर पोरीला कडेवर घेऊन तिने वळून पाहिलं.